ताई किती दिवस राहणार, हा रकाना

सकाळपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

काल दुपारी माझी मोठी बहीण कॅनडाहून डहाणूला आली. आई महिनाभर अंथरुणाला खिळून आहे. ताईचा पासपोर्ट आता तिकडचा, त्यामुळे आली ती टुरिस्ट व्हिसावर. पर्यटकांना खोल्या देणारे शेजारचे काका म्हणाले, "घरी उतरली तरी चोवीस तासांत ऑनलाइन नोंद कर. बहीण असली तरी कायद्याने ती परदेशी पाहुणी."

आज आईच्या खाटेपाशी बसून मोबाइलवर फॉर्म भरायला घेतला. यजमान मी, पाहुणी ताई. पत्ता त्याच घराचा, ज्याच्या अंगणात आम्ही दोघांनी आईबरोबर बोंबील वाळत घातले.

पुढचा रकाना वाचून मी ताईला विचारलं, "किती दिवस राहणार?"

आईने डोळे उघडले.

"तिला कशाला विचारतोस? मला विचार."

ताईने माझ्या हातून मोबाइल घेतला आणि व्हिसाचे होते तेवढे सगळे दिवस लिहून टाकले.

परतीचं तिकीट दहा दिवसांनंतरचं आहे. आईला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?