पिशवी कोणी काढायची?

चहा निवला तरी चालेल, पण हे आधी ऐका. पत्रकार परिषदेत भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या या बाईची सांगलीत एका कापडी पिशवीनं कशी जिरवली, ते सांगते.

मला एंडोमेट्रिऑसिस आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, नको तिथं वाढतो. मग दर महिन्याला पोटात असं पिळवटतं की बातमी लिहिताना मी टेबलाची कड धरून बसते. वर्षानुवर्षं सगळे म्हणाले, बायकांचं दुखतंच. शेवटी आजाराला नाव मिळालं, तेव्हा साताऱ्यातले डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "एक मूल झालंय ना? मग पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हा."

दाढ काढा म्हणावं तसं! दुसरा काही उपाय आहे का विचारलं, तर म्हणे, ठेवून करायचंय काय?

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. कोयनानगरच्या मावशीनंही फोनवर समजूत घातली, "आगं, आमच्या आळीत समद्यांनी काढल्यात. तुझीच काय लय न्यारी हाय व्हय?"

मी पेटले. सगळे उपाय कळल्याशिवाय मी काही काढू देणार नव्हते. सांगलीत याच आजारावर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं. वेळ घेतली, सगळे रिपोर्ट नि शेकायची रबरी पिशवी एका कापडी पिशवीत कोंबली आणि एसटीत बसले. कराड गेलं, आष्टा गेलं, मी मनातल्या मनात भांडतच होते. पोचेपर्यंत भाषण तोंडपाठ. फक्त ऐकणारा हवा होता.

दवाखाना गच्च भरलेला. मी डोळे मिटून पोट दाबून बसले. तेवढ्यात दारावरच्या मामांचा आवाज आला, "बाई, पिशवी काढा."

अजून डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं नाही, आणि दारावरच निकाल?

"का काढू?"

"आवं, अडचण हुतीया."

"कुणाला?"

"समद्यास्नी."

"माझी पिशवी आहे. काढायची की ठेवायची, ते मी ठरवणार."

"तुमचीच हाय न्हवं? मग तुमीच काढा की."

"मी कशी काढणार?"

मामांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "हातानं."

मी ताडकन उभी राहिले. ते आणखी मऊ आवाजात म्हणाले, "जड असंल तर म्या काढतो. रोजच काढतोय. एकेका बाईच्या दोन-दोन असत्यात."

मग काय विचारता? एसटीत पाठ केलेलं सगळं भाषण मी तिथं सोडलं. बाईचं शरीर, रुग्णाचा हक्क, उद्याच्या अंकात तुमची बातमी! वाट बघणाऱ्या बायका टीव्ही सोडून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा दिवस भरत आलेली एक पोरगी भिंतीला टेकून हळूच म्हणाली, "ताई, ते त्या खुर्चीवरच्या पिशवीचं म्हणतायत. मला बसायचंय."

शेजारच्या खुर्चीवर माझी कापडी पिशवी ऐसपैस बसली होती.

आत गेले तर डॉक्टरीणबाई ओठ दाबून म्हणाल्या, "पिशवीबद्दलचं तुमचं मत कळलं. आता दुखतं कुठं ते सांगा." इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले. आजार पिशवीबाहेर पसरलाय, त्यामुळे नुसती ती काढून दुखणं थांबेलच असं नाही, म्हणाल्या. आधी हार्मोनच्या गोळ्या. त्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून फक्त तेवढा आजार काढायचा. पुढंमागं पिशवी काढायचीच झाली, तर तेही मीच ठरवायचं, सगळं समजून घेऊन.

बाहेर येऊन गोळ्यांच्या चिठ्ठीसाठी पुन्हा त्याच खुर्चीवर टेकले. चिठ्ठी हातात पडताच उडत स्टँडवर. आष्टा जवळ आलं नि फोन वाजला.

"बाई, तुमची पिशवी ऱ्हायली."

मी आनंदानं ओरडलेच, "हो, राहिली! राहणारच! आता कुणाचा बाप काढतो बघू!"

अख्खी एसटी वळून बघायला लागली. पलीकडून मामा म्हणाले, "आवं, हितं ऱ्हायलीया. खुर्चीवर."

आष्ट्याला उतरून उलटी गाडी धरली. दवाखान्यात पोचले तर तीन बायका उभ्या, नि मधल्या खुर्चीवर माझी पिशवी तशीच, ऐसपैस.

मामा लांबूनच हात जोडून म्हणाले, "हाय तितंच ठेवलीया, बाई. तुमच्या परवानगीबिगर काढली न्हाई."