स्टार्टरच्या दांड्यावरची लाल चिंधी

हे लिहू की नको, यात दोन आठवडे गेले. माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, तेही बी.एस्सी.ला. गल्लीत कुणाला 'बाहेरचं' झालं म्हटलं की मी सांगायचे, आधी रक्त तपासा. त्यामुळे वाचताना कुणी हसलं तरी मला राग येणार नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगते – यातली चूक माझी होती.

गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. गावापासून दीड किलोमीटरवर, रोडच्या कडेला कापसातून सरकी वेगळी करणारी एक जिनिंग मिल आहे. नाव देत नाही. आई तिथे सीझनभर कामाला जायची. त्या वर्षी चांगला कापूस कमी आणि कवडी जास्त यायची... म्हणजे अळीनं खाल्लेली, नीट न उमललेली बोंडं. मशीनखाली जमिनीत एक लांब नाली आहे. सरकी पुढे ढकलणारा लोखंडी स्क्रू तिच्यात फिरतो. कवडीमुळे तो दिवसातून चार-पाचदा चोक व्हायचा. मग लाइन बंद करायची, आणि एखादी बाई खाली उतरून हातानं कवडी उपसायची.

त्याआधी काही वर्षं याच स्क्रूत आईबरोबर कामाला असलेल्या कांताबाईचा उजवा हात कोपरापासून गेला होता. ती आत आहे हे न बघता फिटर सलीमचाचांनी स्टार्टर ओढला होता. चाचा माणूस चांगला, पण त्या दिवसापासून त्यांचं हसणं गेलं असं आई सांगते. त्यांनी मग एक नियम केला. खाली उतरणाऱ्या बाईनं आपली चिंधी स्टार्टरच्या दांड्याला बांधायची आणि वर आली की स्वतःच्या हातानं सोडायची. दांड्याला एक जरी चिंधी असली तरी चाचा लाइन चालू करायचे नाहीत, मग मालक कितीही ओरडो.

हात गेल्यावरही कांताबाई झाडलोटीला येत राहिली. नालीजवळ झाडायला गेली तरी चिंधी बांधायची – लाल, पिवळ्या ठिपक्यांची. एका हातानं चिंधी धरायची आणि टोक दातात पकडून गाठ ओढायची. वर चाचांना म्हणायची, "माह्या गाठीले हात लावसान तर पाहा. एक हात तुमच्याकडं बाकी हाय माहा." सगळे हसायचे... चाचा सोडून. पुढे ती काविळीनं गेली. तिची चिंधी चाचांनी स्वतः तिच्या तिरडीवर ठेवली आणि ती जळताना पाहिली.

मी फर्स्ट इयरला होते. थंडीचे दिवस, दुपारचे साडेबारा. आईचा डबा घेऊन मी जिनिंगला गेले. लाइट गेली होती, शेडमध्ये कुणी नव्हतं. डब्याचं फडकं सुटून वरण माझ्या मनगटावर ओघळत होतं. दांड्याला एकच चिंधी होती. निळी. माझ्या शाळेच्या ओढणीची, म्हणजे आईची.

दारातून समोर लिंबाखाली पोपटी लुगड्यातली एक बाई पाठमोरी बसलेली दिसली. आईचं लुगडं तसंच होतं. रुईच्या धुळीनं सगळ्या बाया डोक्यापासून पांढऱ्या, तोंडाला फडकं... मला वाटलं, आई वर आली आणि चिंधी सोडायची विसरली. नियम मला माहीत होता. तरी मी गाठ सोडली आणि चिंधी डब्याला गुंडाळली.

लिंबाजवळ गेले तर ती आईबरोबर काम करणारी मंदामावशी.

"तुही माय नालीत हाय," ती म्हणाली. "कवडी काढून राह्यली."

तिचं बोलणं संपलं आणि शेडमधला बल्ब पेटला.

मी धावले. चाळीस पावलं असतील फार तर. मला फक्त कांताबाईची रिकामी बाही दिसत होती.

दारात पोचले तेव्हा चाचा स्टार्टरपुढे उभे होते. हात पुढे केलेला, पण दांड्याला न लागलेला. मी रिकाम्या केलेल्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली होती. पिवळे ठिपके.

"ये किसने बांधा?" चाचांनी हळूच विचारलं. मागे दोन हमाल होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, "पोरी, खाली कोन हाय?"

"आई."

त्यांनी नालीवर वाकून हाक मारली. आईचं पांढरं डोकं वर आलं.

"काहून वरडून राह्यले, चाचा? माही चिंधी हाय ना वरते."

मी डबा ओढणीमागे धरला.

ती गाठ मी हात लावून पाहिली आहे. एक टोक ओलं होतं, दातात धरल्यासारखं चुरगळलेलं. जवळपास पाणी नव्हतं. मालक आले, कापून टाका म्हणाले. चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "जिसकी गांठ, वही खोलेगी." त्या दिवशी लाइन चालू झाली नाही. सकाळी शेडचं कुलूप उघडलं तर दांडा रिकामा होता.

मी खूप विचार केला. हमालांपैकी कुणी थट्टा केली असेल, दुसरी तशीच चिंधी कुठे पडलेली असेल... पण मी गाठ सोडून लिंबापर्यंत जाऊन परत येईपर्यंत दोन मिनिटंही झाली नव्हती. आणि खाली कोण आहे हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात आईला सगळं सांगून टाकलं. ती तूर निवडत होती. मान वर केली नाही.

"मले माहीत हाय. डब्याले गुंडाळलेली पाह्यली होती म्या."

इतकी वर्षं ती एका शब्दानं बोलली नव्हती. मी तिच्या सुपाजवळ बसले. मग विचारलं, आणि ती लाल चिंधी?

आईनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"ते तू सांग. शिकली तू हायस."

मला अजून सांगता आलेलं नाही.