डेलला दिलेली काडतुसं

माझा नवरा उल्हास घरात झुरळ दिसलं तरी त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडून येतो. अशा माणसाने रायफल विकत घेतली तेव्हा आमच्या ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळाला बरेच दिवस पुरेल असा विषय मिळाला. गणपतीच्या आरतीनंतर कुणी ना कुणी मला कोपऱ्यात घ्यायचं आणि आवाज खाली आणून विचारायचं, घरी सगळं ठीक आहे ना. घरी सगळं ठीक होतं. नवऱ्याला छंद लागला होता, इतकंच.

छंद लावला तो शेजारच्या डेल ह्रुस्काने. डेल रिफायनरीत वेल्डर होता, आता निवृत्त. २००५ च्या सप्टेंबरात वादळाच्या भीतीने सगळं ह्यूस्टन पळत सुटलं होतं, तेव्हा आमच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला हा माणूस न बोलावता शिडी घेऊन आला. उल्हासला मित्र असे नव्हतेच. ऑफिसात लोक होते, मंडळात ओळखी होत्या, पण ज्याच्याकडे काही काम नसताना जाऊन बसावं असा गाव वर्धा सोडल्यानंतरचा पहिला माणूस हाच. एका शनिवारी डेल त्याला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. परत आला तेव्हा उल्हासच्या हातात भोकं पडलेला कागद होता आणि चेहरा बारावीचा रिझल्ट लागल्यासारखा.

मग रायफल बघायचा कार्यक्रम सुरू झाला. माझ्याआधी त्याने जेमतेम तीन मुली पाहिल्या होत्या. रायफली किती पाहिल्या याची गणती नाही. ही जड, तिचा धक्का फार, तिसरीचं लाकूड आवडलं नाही. शेवटी डेलकडे होती त्याच मापाची, सात मिलिमीटरची, नवी कोरी रायफल पसंत पडली. शिकार करायची नव्हतीच. कागदावरच्या त्या काळ्या ठिपक्यात गोळी बसली की याचं पोट भरायचं.

रायफलीमागून काडतुसं घरी भरायचं वेड आलं. गॅरेजमध्ये माझ्या लोणच्याच्या बरण्या होत्या त्या टेबलावर लोखंडी प्रेस बसला, शेजारी सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घासायची, पुन्हा मापात आणायची, तळाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, आत दारू तोलून घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. स्वयंपाकघरात चहाची पावडर डब्यातून थेट पातेल्यात ओतणारा माणूस तिथे दारूचा एकेक कण चिमट्याने उचलायचा. आमच्या रुचाने एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा इज कुकिंग." तेवढाच त्याचा स्वयंपाक.

जेवताना तो मला सगळं सांगायचा. मी ऐकायचे, कारण नाही ऐकलं तर तो पुन्हा पहिल्यापासून सांगतो. दुकानात या मापाची काडतुसं मुद्दाम सौम्य भरलेली मिळतात, म्हणाला. या मापाच्या शंभर-शंभर वर्षांच्या रायफली अजून लोकांच्या घरात आहेत, त्यांना जास्त दाब सोसत नाही. माझी नवी आहे, माझी सोसते. तेलकंपनीत पाइपांमधला दाब मोजणं हे त्याचं पोटापाण्याचं काम, त्यामुळे या विषयात त्याला शिकवणारं कोणी नव्हतं. थोडी थोडी दारू वाढवत त्याने आपल्या रायफलीला नेमकं बसेल असं काडतूस तयार केलं. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ पडल्या तेव्हा मी त्याच्यासाठी शिरा केला.

२००६ च्या दिवाळीआधी डेल एक पत्र्याची पेटी घेऊन आला. वर्षानुवर्षं जपलेल्या रिकाम्या पुंगळ्या तिच्यात भरलेल्या होत्या. मला यांचा उपयोग नाही, तू वापर, म्हणाला. आता आपल्याकडे शेजारच्या घरून आलेला डबा कोणी रिकामा परत करत नाही. नॉर्मा, म्हणजे डेलची बायको, तिच्या केकच्या डब्यातून मी चकल्या पाठवायचे. हरणाचं मटण आलं तर त्याच भांड्यातून सुकं करून जायचं. उल्हासने पेटीतल्या वीस पुंगळ्या आपल्या रायफलीइतकीच दारू घालून भरल्या, ओळीने मांडल्या आणि फराळाच्या ताटाबरोबर पेटी डेलच्या हातात दिली. त्याच्या पुस्तकांमधून लिहिलेलं होतं की स्वतः भरलेली काडतुसं दुसऱ्याला देऊ नयेत, दुसऱ्याची घेऊ नयेत. लग्नपत्रिकेवरची 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आपण जशी वाचतो, तशी त्याने ती वाचली. डेलकडे याच मापाची नवी रायफल आहे, मग हरकत काय, असा त्याचा हिशेब होता.

डेलकडे त्याच मापाची जुनीही एक होती. त्याच्या बापाची. ती उल्हासने कधी पाहिली नव्हती, कारण ती त्यांच्या शुलेनबर्गच्या शेतावर असायची. हरणांचा मोसम उघडला की पहिला बार त्या रायफलीचा, असा डेलचा दरवर्षीचा नेम. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी त्याने तिच्यात उल्हासची काडतुसं घातली. सोमवारी हा विचारेल, कशी होती, तेव्हा काहीतरी सांगता आलं पाहिजे म्हणून.

दुपारी नॉर्माचा फोन आला. रायफल फुटली होती. उलट्या आलेल्या आगीने आणि पितळेच्या कपच्यांनी डेलचा उजवा डोळा गेला होता. मी फोन कानाला धरून एकेक वाक्य मराठीत उल्हासला सांगत होते. बापाची जुनी रायफल, एवढं सांगितलं आणि तो खाली फरशीवर बसला. काय झालं ते त्याला तिथेच कळलं होतं. मलाही कळलं, इतकी जेवणं ऐकून.

डेलला मात्र कळलं नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तो बापालाच शिव्या घालायला लागला. म्हातारा अडाणी होता, कुठल्याही वस्तूत हात घालायचा, रायफलीवरही कानस चालवली असणार आणि ती आपल्या गळ्यात मारून गेला, असं येईल त्याला सांगायचा. काडतुसांबद्दल नॉर्माने एकदा विचारलं तर त्याने तिलाच झापलं. एवढं तोलूनमापून करणारा माणूस चुकेल कसा, म्हणाला. मुलाला सांगून त्याने ती रायफल करवतीने कापून घेतली आणि शेतातल्या तळ्यात टाकायला लावली.

उल्हास रोज तिकडे जायचा. त्यांचं गवत कापलं, कचऱ्याची पिंपं बाहेर नेऊन ठेवली, डोळ्याच्या डॉक्टरकडे नेणं-आणणं केलं. डेल लोकांना सांगायचा की पोटच्या मुलाने केलं नसतं इतकं हा करतो. हे ऐकून घरी आला की उल्हास ताटावर नुसता बसून राहायचा. त्याने फक्त मोरेश्वरला विचारलं, जो पंधरा वर्षांपासून इथे आहे आणि सगळ्यांना सल्ले देतो. मोरेश्वर म्हणाला, "अरे यार, एक शब्द बोलू नकोस. इकडे लोक स्यू करतात. घर जाईल तुझं, सिटिझनशिपचं वेगळंच." मला उल्हासने काही विचारलं नाही, आणि त्याचा मला फार राग आला. घर माझंही होतं. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. मला भीती वाटत होती आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

थँक्सगिव्हिंगला ह्रुस्कांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायची पद्धत आहे. नॉर्मा म्हणाली, डेल वाचला याबद्दल. त्यांच्या मुलाने काहीतरी पुटपुटलं. मग डेलने एका डोळ्याने टेबलावर शोधत शोधत उल्हासचा हात धरला आणि म्हणाला, मी या माणसाबद्दल आभारी आहे.

उल्हासने हात सोडवून घेतला. "डेल, रायफलीत दोष नव्हता. काडतूस माझं होतं. माझ्या रायफलीला सोसेल इतकी दारू भरलेलं. तुझ्या वडिलांची रायफल तेवढा दाब सोसणारच नव्हती."

रुचा माझ्याकडे बघायला लागली. डेलने समोरचं ताट बाजूला सरकवलं.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"त्याच दिवशी. नॉर्माचा फोन आला तेव्हा."

डेल ओरडेल असं मला वाटलं होतं. पण तो अगदी सावकाश बोलला. "डोळ्याचं मी सोसेन. ती चूक होती, तू मुद्दाम केली नाहीस. पण मी रोज तुझ्यासमोर माझ्या बापाला शिव्या घालत होतो, उल्हास. आणि तू ऐकत होतास."

आम्ही न जेवता घरी आलो. नॉर्मा दारापर्यंत आली, पण डेल उठला नाही.

आता या गोष्टीला दोन वर्षं होतील. उल्हासने गॅरेजमधला प्रेस आणि काटा काढून टाकला, रायफल विकली. डेल अंगणात दिसतो. मला हात करतो, रुचाला शाळेचं विचारतो, उल्हास बाहेर आला की आत जातो. त्याने केस केली नाही. वकिलाकडे सुद्धा गेला नाही. मोरेश्वर अजून म्हणतो की तुमचं नशीब थोर. मी मान डोलावते, पण उल्हासला ते ऐकणं सहन होत नाही. परवा तो मला म्हणाला की केस केली असती तर बरं झालं असतं, कोर्टात तरी डेलला माझ्याशी बोलावं लागलं असतं.