बारावी फुलवात

रुपराव मिस्त्री इंजिनाचं कौतुक करी, आणि माणसांना तोंडावर बोलून मोकळा होई. "वकीलसाहेब, तुमी गाडी चालवत नाही, भांडून राहिले तिच्याशी," असं तो मला चारचौघांत ऐकवायचा. तरीही १९७४च्या मे महिन्यात माझ्या म्हाताऱ्या अँबॅसडरचं इंजिन मी त्याच्याच हवाली केलं. रामदासपेठेतल्या शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं.

रुपरावचं गॅरेज म्हणजे सदर भागात एक कडुलिंब आणि चार पत्रे, तेही अवघ्या तीन महिन्यांपूर्वी उभे केलेले. त्याआधी पंधरा वर्षं तो नत्थूजी उस्तादांच्या हाताखाली होता. निघताना उस्तादांनी अट घातली होती: पहिलं इंजिन एकट्यानं बांधायचं आणि गाडी खापा गावापर्यंत नेऊन आणायची. वाटेत ऑइलच्या दाबाचा काटा खाली आला, तर गॅरेज बंद करून मुकाट्यानं परत यायचं. रुपरावनं शब्द दिला होता. ते पहिलं इंजिन माझंच, हे मला त्याचे सगळे भाग जमिनीवर मांडले गेल्यावर कळलं. मी भडकलो, पण सुटं इंजिन घेऊन जाणार कुठे?

त्याची कामाची एक रीत होती. उन्हाळ्याच्या धुळीत उघड्या इंजिनात कचरा जाऊ नये म्हणून तो तेलाच्या प्रत्येक भोकात एकेक फुलवात बसवी. फुलवाती वळायची त्याची बायको देवकी. देवासाठी वळायला बसली की इंजिनासाठीही वळून ठेवायची. अकरा आत गेल्या की अकरा बाहेर आल्याच पाहिजेत. मोजल्याशिवाय रुपराव इंजिन बंद करत नसे.

इंजिन बसलं. नारळ फुटला, मी चावी फिरवली, आणि गाडी इतकी गोड सुरू झाली की माझा राग तिथेच विरला. पण रुपरावचा चेहरा उतरला. ऑइलच्या दाबाचा काटा साठावर हवा, तो विसावर लटकत होता.

त्यानं दुसरं मीटर लावून पाहिलं, काटा तिथेच. दाबाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून पाहिली, ती ठणठणीत. जाड ऑइल भरलं, तरी फरक नाही. दुसऱ्या दिवशी तो जेवलाही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा त्यानं पाने-हत्यारं पोत्यात बांधायला काढली होती. 

"साहेब, एकदा रेस करा," तो म्हणाला. मी पाय दाबला. काटा वर चढायच्या ऐवजी खाली घसरला.

रुपराव ताडकन उभा राहिला. "बेरिंग ढिले असते तर रेसवर काटा चढला असता! हा पडून राहिला. म्हणजे पंपाले तेलच ओढता येऊन नाही राहिलं. पण अडकलं काय? फुलवाती तं अकरा टाकल्या, अकरा काढल्या."

देवकी चहा घेऊन आली होती. "अकरा काहून? बारा होत्या ना," ती म्हणाली.

"बारा?"

"तुमी जेवाले गेले होते. एका नळीचं तोंड उघडं दिसलं. विसरले असान, म्हणून मीच बसवली. चांगली जाडी पाहून." बोलता बोलता तिनं कप खाली ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला. "अवं माय! म्हणजे मीच तुमचं गॅरेज बुडवलं!"

रुपराव तोवर गाडीखाली शिरलाही होता. त्यानं तेल उतरवलं, खालचं तेलाचं चेंबर खोललं, पंपाची जाळी काढली. पंपाच्या नळीत फुलवात बसली होती, काळी, तेल पिऊन टम्म फुगलेली. लगेच जाळी लावायची म्हणून तेवढीच नळी त्यानं मोकळी ठेवली होती.

फुलवात तळहातावर घेऊन तो बाहेर आला. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. तो मातीतच बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "माह्या हातात खोट नव्हती वं, देवकी! आणि तू कायले रडतं? एवढी पक्की तं मले बी नसती बसवता आली!"

मग कडुलिंबाच्या बुंध्याशी निरांजनात त्यानं तीच फुलवात लावली. "तेल तं पिऊनच आली आहे," म्हणाला. काळा धूर निघाला, आम्ही तिघं खोकत होतो आणि हसत होतो. मी एरवी देवळाची पायरी न चढणारा माणूस. पण त्या दिवशी मनापासून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी खाप्याला निघालो. रुपरावनं मला गाडीला हात लावू दिला नाही, स्वतःच चालवली. मागे माझ्या शेजारी उस्ताद, पुढे देवकी काट्यावर नजर रोखून. खापा तिचं माहेर, पण कन्हान नदी दिसली तरी तिनं मान वळवली नाही. "साठ... अजून साठच आहे." माहेरच्या दारात तिचे वडील देवाजी उभे होते. "तब्येत कशी आहे, बाई?" त्यांनी विचारलं.

"साठ!" देवकी म्हणाली.

परतीच्या वाटेवरही काटा हलला नाही. उस्ताद सदरला उतरले. त्यांनी रुपरावच्या पाठीवर हात ठेवला. "आता माह्याकडं परत येऊ नको गा," ते म्हणाले. मग देवकीकडे वळले. "पोरी, मले बी अकरा फुलवाती पाठवजो."

"पाठवीन," देवकी म्हणाली. "पण मोजून घेजा, बाबा."