भोंगा वाजलाच नाही

"वरून खाली वाच गं बाई, वरून खाली!" म्हणत आमचे साहेब, भाऊ, माझ्या स्क्रीनवर पेनाचं टोपण आपटायचे. जळगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात प्रत्येक स्क्रीनवर त्यांचे चरे आहेत.

त्यांची पायथन, म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा, शिकवायची तऱ्हा तुम्ही बघायला हवी होती. "एरर आली की पायथन एक्सेप्टच्या, म्हणजे एरर झेलणाऱ्या, ओळींना वरून एकेक विचारत येतो, ही तुझी का? जी पहिल्यांदा हो म्हणेल, तिची. खालच्यांना कोणी विचारतसुद्धा नाही. आणि सगळ्या एररच्या बापाच्या नावाची ओळ वर असली, तर पोरंही तिथंच अडकतात. म्हणून नेमकी एरर वर, सरसकट खाली. बठ्ठं समजनं का?" नाही म्हटलं, की पुन्हा पहिल्यापासून. डोकं उठायचं हो!

नशिराबादकडच्या एका केळी पिकवण्याच्या केंद्राचं काम भाऊंकडे होतं. बंद खोलीत केळी पिकताना हवा घातक होते. ती मोजणारा सेन्सर बंद पडला, तर भोंगा वाजायला हवा. भोंग्याची ओळ भाऊंनी लिहिलीही होती. पण नेट गेलं की प्रोग्रॅम बंद पडे आणि मालकाचे फोनवर फोन. वैतागून भाऊंनी सगळ्यात वर सरसकट एक्सेप्ट टाकला: काहीही होवो, पुढे चालू ठेव. भाऊंनी! मला अजून पटत नाही.

मग सेन्सरच बंद पडला. ती एरर वरच्या ओळीनंच गिळली, खाली भोंग्यापर्यंत काही पोचलंच नाही. खोलीबाहेरच्या स्क्रीनवर जुनाच आकडा, हिरवागार, म्हणजे हवा ठीक. तो बघून एक हमाल आत गेला आणि क्रेटवरच कोसळला.

जीव वाचला, पण आता तो बायकोलाही ओळखत नाही. दवाखान्यात तिनं विचारलं, "असं कसं झालं, भाऊ?" आम्हाला समजावून समजावून वीट आणणारा हा माणूस, नुसता पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. मला तर रडूच आलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ ऑफिसला आले नाहीत. रोज केंद्रावरच असतात असं कळलं, शेवटी मीच तिथं गेले. भाऊ खोलीच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"भाऊ, चला ना. ओळ खाली घेतलीय. भोंगा वाजतो आता, मी स्वतः बघितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत काम करणाऱ्या हमालाला हाक मारली, "शे ना रे?" आहेस ना, म्हणून.

"शे, भाऊ!"

थोड्या वेळानं पुन्हा, "शे ना रे?"

उत्तर आलं नाही. खुर्ची उलटी पाडून भाऊ आत धावले. मी मागे. आतला माणूस खाली वाकून क्रेट उचलत होता. भाऊंनी त्याला क्रेटसकट छातीशी धरलं आणि काही केल्या सोडेचनात.