दोन अंश मिळवा

"साहेबानं दोन मिळवलं का गं?" लक्ष्मणमामांनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. दौंडच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर पडून होते, नाकाला नळी, एक वाक्य बोलायला तीनदा थांबावं लागत होतं, आणि त्यात हे विचारत होते. मी म्हटलं, "नाही मामा. अजून नाही मिळवले." त्यांनी डोळे मिटले आणि हसले. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरना वाटलं, म्हाताऱ्याला आराम पडला. आराम पडलाच होता, पण औषधानं नव्हे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी यवतला शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत होते, तर मामीचा फोन आला. मामी रडली नाही. म्हणाली, "शोभे, आता काटा वाचायला कुणी ऱ्हायलं न्हाई. ये तू." मला काय ते कळलं.

काटा म्हणजे थर्मामीटरचा काटा. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात लक्ष्मणआप्पांना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, कारण दिवाळी झाली की होळीपर्यंत रोज उजाडताना ते ओढ्याकडच्या मळ्यात जाऊन आदल्या रात्रीची थंडी वाचून यायचे. ताप असो, पाहुणे असोत, घरात लग्न असो. माझ्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या अंगानं मी उठले तेव्हा मामा मांडवात नव्हते, मळ्यात होते. आमचं घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. मामा ऐन जवानीत असताना एका रात्रीत मेंढवाड्यातली कोकरं गारठून मेली, आणि सकाळी रेडिओवर सांगितलं की पुण्यात थंडी साधारण आहे. मामा ते वाक्य मरेपर्यंत विसरले नाहीत. म्हणायचे, "पुण्याची थंडी पुण्यात. आपली कोण मोजणार?" मेंढरं पुढं विकली, जमीन कसायला घेतली, पण ते मोजणं काही सुटलं नाही. एका पोल्ट्रीवाल्याकडून थर्मामीटर आणला. त्यात रात्री पारा जिथवर उतरतो तिथं एक बारीक लोखंडी काटा अडकून राहतो. सकाळी तो वाचायचा आणि चुंबकानं ओढून परत पाऱ्यावर आणून बसवायचा. चुंबक मामांनी जुन्या स्पीकरमधून काढलेला. तो सदऱ्याच्या खिशात असायचा आणि त्याला कायम दोन-चार खिळे चिकटलेले असायचे. थर्मामीटरला ऊन आणि वारा लागू नये म्हणून मधमाश्यांच्या जुन्या पेटीला चारी बाजूंनी फटी पाडल्या, तिला चुना दिला आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीसमोर चार पायांवर उभी केली. चौथी शिकलेल्या माणसानं. मी पुढं कॉलेजात हवामानाची पेटी पाहिली तेव्हा सरांना म्हटलं होतं, अशी आमच्या मामांकडे आहे. वर्ग हसला होता.

वहीत मामा चार गोष्टी लिहायचे. काटा, वारा, आभाळ आणि धूर. धूर म्हणजे गुऱ्हाळाचा. संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि गुऱ्हाळाचा धूर वर न जाता उसाच्या शेंड्यांवर आडवा झोपला, की पहाट कडक जाणार. हा नियम मामांनी वह्यांवरून काढला होता, वर्षानुवर्षं ताडून. दिवस मावळायच्या आत त्यांचे फोन सुरू व्हायचे. ज्याची द्राक्षबाग, त्याला सांगायचे पाणी सोड. ज्याच्या कोंबड्या, त्याला सांगायचे पडदे पाड. "आप्पा म्हणत्यात," एवढं म्हटलं की निमोण्यात लोक उठायचे. चुकायचेही ते कधी, ढग आयत्या वेळी येऊन. मग दुसऱ्या दिवशी पारावर लोक म्हणायचे, "आप्पा, तुमची थंडी यष्टी चुकली वाटतं." मामा म्हणायचे, "येईल मागच्या गाडीनं."

आता ते दोन अंश. ते माझे आहेत, म्हणून मीच सांगायला हवेत. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माहेर कासुर्डीला, कॉलेज दौंडला, आणि थंडीत सुट्टी लागली की मामांकडे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी, मोठ्या रुबाबात, "मामा, तुम्ही वाचता ते बरोबर आहे का बघू," म्हणत मी थर्मामीटर खिळ्यावरून काढला आणि दगडावर पाडला. फुटला नाही. पण काचेची नळी मागच्या पट्टीवर जराशी सरकली. मामांनी तो सदऱ्यानं पुसून परत खिळ्याला टांगला, आणि तेच मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं शिरूरला गेले, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणली, बादलीत ठेचली, थोडं पाणी घातलं आणि थर्मामीटर आत बुडवून धरला. वितळणारा बर्फ म्हणजे शून्य, हे मी शिकले होते. पारा शून्याच्या खाली दोनवर जाऊन थांबला. मामांनी विचारलं, "म्हंजी बर्फ खोटा का काटा खोटा?" मी म्हटलं, "बर्फ खोटं बोलत नाही, मामा." तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच. मी म्हटलं, नवा आणू. मामा म्हणाले, "ह्याची चूक आपल्याला ठाव हाय. नव्याची चूक कोण हुडकत बसणार?" मग त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर, पेटीच्या बरोबर मागं, हातभर अक्षरांत लिहिलं: दोन मिळवा. वहीत मात्र डोळ्याला दिसेल तोच आकडा लिहायचा, हा त्यांचा नेम. बेरीज भिंतीवर. गावाला सांगताना मिळवून सांगायची. यात कधी खंड पडला नाही.

आणि मग ते साहेब आले. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. घाबरते म्हणून नव्हे. त्यांनी मामांचं नाव कुठं लिहिलं नाही, मी त्यांचं लिहीत नाही, फिटंफाट. हवामानावर भाषणं देतात, मोबाइलवर रोज अंदाज टाकतात, हजारो शेतकरी ऐकतात, एवढं पुरे. कुणीतरी त्यांना मामांचा पत्ता दिला. रविवार होता, मी तिथंच होते. साहेबांनी वह्या चाळल्या आणि त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. भुकेल्या माणसापुढं ताट आल्यावर होतो तसा. मामा म्हणाले, "साहेब, ह्यात एक गोष्ट हाय, ती आधी..." साहेबांनी मान वर न करता हात केला. "आप्पा, आकडे मी बघतो. तुम्ही जरा चहाचं बघा."

मामांच्या घरात, मामांच्या ओट्यावर बसून, मामांना.

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली, आणि खरंच चहाचं बघायला उठले. साहेबांनी मला विचारलं, "तू कोण?" म्हटलं, "भाची. बीएस्सी आहे, फिजिक्स." ते म्हणाले, "वा, वा. मुलींनी शिकलं पाहिजे." चहा पिऊन ते पेटीजवळ गेले, ड्रायव्हरला मोबाइल दिला आणि पेटीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. भिंतीकडं पाठ करून. मग एकोणीस वह्या खताच्या गोणीत भरल्या. "दोन दिवसांत फोटो काढून परत पाठवतो." गाडी ओढ्यापलीकडं गेल्यावर मामी म्हणाली, "पोचपावती तरी घ्यायची."

दोन दिवसांची वर्षं झाली. मामा फोन करायचे, साहेब बैठकीत असायचे. पण साहेबांचा फोन मात्र थंडीत रोज सकाळी सातला यायचा. "आप्पा, आज किती दाखवतोय?" मामा सांगायचे. धुराचा नियमही साहेबांच्या तोंडून मोबाइलवर ऐकू यायला लागला, 'माझं निरीक्षण' म्हणून. मामी भाकरी थापता थापता म्हणायची, "ऐका, तुमचा धूर त्यांच्या तोंडातनं निघतुया." मी चिडायचे, म्हणायचे, तक्रार करू, पेपरात देऊ. मामा म्हणायचे, "काय देणार? म्हातारा म्हणतो वह्या माझ्या. कोण ऐकंल?" मग एका पौषात काट्यानं उणे एक दाखवलं, मामांनी तेच सांगितलं, आणि तासाभरात सगळ्या मोबाइलवर झळकलं: शिरूर तालुक्यात पारा शून्याखाली. साहेब मफलर गुंडाळून मुलाखती देत होते. मी मामांना विचारलं, "तुम्ही त्यांना अजून दोनाचं सांगितलंच नाही?" मामांनी मला कुत्र्याच्या पाण्याचं पातेलं दाखवलं. "उणे एक असतं तर ह्याच्यावर बर्फाची साय धरली आस्ती. बघायला यायचं साहेबानं, गाडीतनं उतरून." मी म्हटलं, "पण मामा, हे खोटं नाही का झालं?" ते शांतपणे म्हणाले, "काटा काय दावतो, ह्ये त्यांनी इचारलं, त्ये मी सांगतो. थंडी किती हाय, ह्ये त्यांनी कवा इचारलंच न्हाई." त्या दिवशी मला कळलं, आपला मामा भोळा नाही. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात... म्हणू देत. ते गप्प बसले होते ते क्षमा करून नव्हे. थंडीसारखेच दबा धरून बसले होते.

दशक्रियेला घोड नदीच्या घाटावर साहेब आले. श्रद्धांजलीची भाषणं झाली, त्यात त्यांनी माइक घेतला. "आप्पा अडाणी होते, पण जिज्ञासू होते. आमच्या अभ्यासाला कधीमधी आकडे कळवायचे." कधीमधी. मी घाटाच्या पायरीवर बसले होते, मुठीत वाळू होती, ती तशीच राहिली मुठीत. मग त्यांनी मामीच्या हातात एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं, घोड खोऱ्यातल्या थंडीवर त्यांनी लिहिलेलं. मामीनं ते उलटसुलट केलं आणि माइक चालू असतानाच विचारलं, "साहेब, वह्या आणल्या का?" ते म्हणाले, "वहिनी, त्या अगदी सुरक्षित आहेत." मामी म्हणाली, "सुरक्षित तर आमच्या कणगीतबी व्हत्या. एकोणीस वह्या नेल्या, आन् दिलं ह्ये एवढंसं." लोकांनी माना खाली घातल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं.

ते पुस्तक मी त्याच दुपारी मामांच्या ओट्यावर बसून वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मामांचं नाव कुठं नाही. आभारातही नाही, तिथं ड्रायव्हर आहे. आकडे सगळे मामांचे, धुरासकट. आणि मधोमध एक अख्खं प्रकरण आहे. साहेब लिहितात की अमुक एका हिवाळ्यापासून, ऐन संक्रांतीच्या सुमारास, या खोऱ्यातली थंडी एकाएकी दोन अंशांनी वाढली आणि वाढलेलीच राहिली. कारणं दिली आहेत. धरणाचं पाणी, वाढलेला ऊस, तोडलेली झाडं, वाऱ्याच्या बदललेल्या दिशा. बाणांसकट नकाशा आहे. मी ते प्रकरण मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. दहा दिवसांत पहिल्यांदा मामी हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कारण धरण नाही, ऊस नाही. कारण मी आहे. संक्रांतीच्या सुट्टीत माझ्या हातून दगडावर पडलेला थर्मामीटर. वह्या ज्याच्या, त्याला ते एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि सांगायला निघालाही होता. त्याला चहा करायला पाठवलं. मुखपृष्ठाच्या आत तो फोटो आहे. साहेब पेटीवर हात ठेवून उभे, आणि त्यांच्या डोक्यामागं कोळशाची अक्षरं: दोन मिळ. शेवटचा 'वा' डोक्यानं झाकलाय. ज्याला पाहायचं त्यानं पुस्तक उघडून पाहावं.

हा लेख मी राग धरून लिहिते आहे, हे लपवत नाही. माणूस गेल्यावर गोड लिहावं म्हणतात, पण गोड लिहायला मामांनी माझ्याकडं काही ठेवलेलं नाही. मला दोनच गोष्टी हव्या आहेत. एकोणीस वह्या कणगीत परत आणि आकड्यांखाली लक्ष्मणआप्पांचं नाव. पुस्तक दुरुस्त करायचं असेल तर निमोण्याला यावं लागेल, त्या भिंतीपुढं उभं राहावं लागेल, आणि चहा मीच करीन, पण आधी ऐकून घ्यावं लागेल.

तोवर काटा मामी वाचते. तिला आकडे येत नव्हते, दोन दिवसांत आले. रविवारी मी वाचते. आजही गेले होते. गवत दवानं पांढरं होतं, मोटारीच्या खोलीला कुलूप होतं, भिंतीवरची अक्षरं मामीनं नव्या कोळशानं गिरवून ठेवली होती. मामांचा चुंबक आता पेटीतच खिळ्याला टांगलेला असतो. हातात घेतला तर बर्फासारखा लागला. काटा पाऱ्यावर आणून बसवते आहे तोच खिशात फोन वाजला. साहेब होते. आप्पा गेल्याचं दुःख पुन्हा एकदा सांगून म्हणाले, "मॅडम, आज किती दाखवतोय?"

मी सांगितलं, चार.

वाचकहो, तुम्ही दोन मिळवा.