सॉसेजच्या जागी राजमा

कारखान्याच्या कँटीनमध्ये मी ताटं धुते. कोण काय खातं आणि काय टाकतं, हे ऑफिसातल्या कागदांपेक्षा माझ्या मोरीला जास्त कळतं. म्हणून ठासून सांगते, त्या दिवशी जे आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या अंगावर धावून आले, त्यांच्यातल्या एकानेही तीन आठवडे ताटात तुकडा ठेवला नव्हता.

बाईंना सगळे तोफ म्हणतात, आणि उगाच नाही. त्यांचा धाकटा भाऊ इथेच यंत्रावर आहे. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची. हात धुवून रांगेतून पुढे येईपर्यंत दहा उरतात. मग सगळे पावात सॉसेज कोंबून उभ्याउभ्याच गिळतात, वर्षानुवर्षं. बेचाळिसाव्या वर्षी भाऊ यंत्रापाशीच कोसळला. हृदयाचा झटका. डॉक्टरांनी बजावलं, हे खारवलेलं, पाकिटातलं मांस बंद. दोन महिन्यांनी हा बहाद्दर कामावर आला आणि पहिल्याच दिवशी रांगेत हजर. "ताई, दोन वाढ."

बाई मॅनेजरकडे गेल्या. सॉसेज बंद करा म्हणाल्या. "लोकांना तेच आवडतं," तो म्हणाला. लोकांना! याचा स्वतःचा डबा घरून येतो, फळं आणि मोड आलेली कडधान्यं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग बाईंनी राजमा शिजवून कुटला. त्यात ओट्स, भाजलेला कांदा, लसूण, लाल मिरची. मीठ बेतानं. सॉसेजएवढे रोल वळून तव्यावर खरपूस भाजले आणि पावात घालून दिले. कुणाला सांगितलं मात्र नाही. चूक म्हणाल तर ती एवढीच. ताटांना थिजलेली चरबी दिसेना तेव्हा मी ओळखलं, पण तोंडाला कुलूप लावलं.

तीन आठवड्यांनी मॅनेजरला कळलं तेव्हा त्याने ती स्वतःचीच अक्कल म्हणून दारावर पाटी ठोकली: 'आता खा मांसाशिवायचे पौष्टिक सॉसेज.' झालं! कालपर्यंत बोटं चाटणारे आज थुंकायला लागले. म्हणे, आम्हाला गवत चारलं! सगळ्यांत मोठा आवाज भावाचा.

"ताई, तू मला फसवलंस!"

"फसवलं," बाई म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्समध्ये तू बेशुद्ध पडला होतास, मी नव्हते. तुझ्या पोरीला जाऊन काय सांगायचं, ते मी वाटभर मनात जुळवत होते. अजून शब्दन् शब्द पाठ आहे मला. ऐकवू?"

भावाने खाली मान घालून ताट पुढे केलं. बाईंनी वाढलं नाही.

"आधी या सगळ्यांना सांग, काय खातोयस आणि कशासाठी."

तो रांगेकडे वळला.

"राजमा आहे," तो म्हणाला. "मला मरायचं नाहीये."